नोकरी, पोरं, घर सांभाळून कथा लिहायची कशी? खानदेशातल्या लिहिणाऱ्यांसाठी सविस्तर

कथा-कादंबरी लिहायची इच्छा आहे असं सांगणारा माणूस भेटला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, वेळच मिळत नै हो. खरंय, नै मिळत. सकाळी डबे, मग अपडाऊन, ऑफिस, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, रात्री भांडी, मध्येच कोणाचं लग्न कोणाचं दहावं, त्यात शेती असली तर विचारायलाच नको. पण माझं मत असंय की वेळ कमी असणं ही दुसऱ्या नंबरची अडचण आहे, पहिली अडचण आहे कथेपासून तुटणं. म्हणजे समजा रविवारी दुपारी तीन तास मिळाले, वही उघडली, तर पहिला तास आपण कुठे होतो, हे पात्र असं का बोललं होतं, हे आठवण्यात जातो, दुसऱ्या तासात जरा लय लागते न लागते तोच पाहुणे येतात. मग पुढचे दोन रविवार तसेच जातात आणि कथा मरते. म्हणून खाली जे सगळं लिहिलंय ते एकाच गोष्टीभोवती आहे, की रोज थोडा वेळ का होईना कथेला हात लागला पाहिजे, हात नाही लागला तर निदान डोकं तरी लागलं पाहिजे.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते म्हणजे कोणत्या परिस्थितीतून बोलतेय ते कळेल. घर जळगावात, नोकरी अमळनेरला, ताप्ती लाइनच्या गाडीने अपडाऊन. नवरा एमआयडीसीत शिफ्टला, दोन पोरं शाळेत, सासूबाई घरी, गावाकडे थोडी शेती. कथा लिहिते, काही छापून आल्यात. तर मोकळ्या वेळेत लिहिणाऱ्यांसाठी हे नाही, मोकळा वेळ नसलेल्यांसाठी आहे.

आधी एक आठवडा नुसता लिहून काढा

वेळापत्रक बनवू नका, आधी जे चाललंय तेच बघा. एक आठवडा मोबाईलच्या नोट्समध्ये किंवा जुन्या डायरीत लिहित जा, उठले किती वाजता, गॅसजवळ किती वेळ, गाडी किती लेट, स्टेशनवर बसून काय केलं, जेवणानंतर टीव्हीसमोर किती, मोबाईल हातात किती. मोबाईलचं तर सेटिंगमध्येच दिसतं, कोणत्या ॲपवर किती तास गेले ते. कोणाला दाखवायचं नाही त्यामुळे खरं लिहा.

आठवड्याने तो कागद बघितला की त्यात तीन जातीचा वेळ दिसतो. एक, हात आणि डोकं दोन्ही मोकळे (गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, पोरं झोपली, ऑफिसात जेवणानंतरची दहा मिनिटं). दोन, हात कामात पण डोकं मोकळं, जसं भाकरी थापणं, धुणं, बाईक चालवणं, कपाशी वेचणं, शेवभाजीचा मसाला भाजणं. आणि तीन, दोन्ही अडकलेले, त्याच्याकडून काही अपेक्षाच ठेवू नका. बहुतेक लोक फक्त पहिल्या जातीचा वेळ शोधत बसतात, तो अर्धा तास निघतो न निघतो, आणि म्हणतात होणार नाही. पण दुसऱ्या जातीचा वेळ आपल्याकडे भरपूर असतो, बायकांकडे तर जास्तच, आणि कथेचं निम्मं काम त्यातच होतं. ते कसं ते पुढे सांगते.

झोपेतून वेळ काढायचा नाही हे मात्र आधीच सांगते. महिनाभर रात्री एकपर्यंत जागून लिहिणारे मी पाहिलेत, दुसऱ्या महिन्यात आजारी पडतात नाहीतर पोरांवर खेकसतात, आणि मग घरच्यांना वाटतं की हे लिहिण्यामुळेच होतंय. पहाटे लवकर उठायचं असेल तर रात्री तेवढंच लवकर झोपा.

आकडे छोटे ठेवा, पण ठेवा

रोज १५० शब्द. वहीचं साधारण एक पान. आठवड्यातले पाच दिवस धरले तर ७५० शब्द होतात, चार आठवड्यात ३०००. ३००० शब्द म्हणजे एक कथा झाली की! कच्ची असेल पण सुरुवात-मधला-शेवट असलेली कथा हातात आली. कादंबरी ४५,००० शब्दांची धरली तर याच चालीने साठ आठवडे, म्हणजे सव्वा वर्षाच्या आत. ऐकायला लांब वाटतं, पण ज्यांनी दहा वर्षं कादंबरी डोक्यात ठेवलीय त्यांनी विचार करावा.

शनिवार-रविवार मुद्दाम सोडलेत. सुट्टीचा दिवस हाच लिहायचा दिवस असं धरलं की सुट्टीत घरातली सगळी कामं अंगावर येतात आणि मग लिहिणं आणि सुट्टी दोन्ही बिघडतं. सुट्टीत जमलं तर ते जादाचं, नै जमलं तर काही बिघडलं नै. १५० पण जड जात असतील, घरात बाळ असेल, तर ५० ठेवा. पन्नास शब्द म्हणजे चार-पाच वाक्यं. पण शून्य नको, कारण शून्याचे सलग चार दिवस गेले की पाचव्या दिवशी तोच आठवायचा तास मोजावा लागतो.

आणि पहिल्यांदाच लिहित असाल तर कादंबरीला हात घालू नका असं माझं स्पष्ट मत. दोन-तीन कथा पूर्ण करा. पूर्ण करणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आणि ती छोट्या कामावर लवकर शिकता येते.

कामं मिनिटांच्या मापाने फोडून ठेवा

हा भाग नीट वाचा, माझ्या मते सगळ्यात कामाचा हाच आहे.

"लिहायला बसणं" हे एकच काम नाही. त्यात बरीच वेगवेगळी कामं असतात आणि प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. आपण काय करतो, दहा मिनिटं मिळाली की "एवढ्यात काय होणार" म्हणून मोबाईल उघडतो. तर आधीच यादी करून ठेवायची. पाच मिनिटांत काय होतं? पात्राचं नाव ठरवणं, एक संवाद टिपणं, घराची रचना ठरवणं म्हणजे ओसरी कुठे, चूल कुठे, न्हाणी कुठे, कारण नंतर पात्र कुठून कुठे गेलं यात घोळ होतो. कालचं पान वाचून चुकीचे शब्द नीट करणंही पाच मिनिटांतच होतं. पंधरा-वीस मिनिटांत काय होतं? एका प्रसंगाचा एक तुकडा. उदाहरणार्थ बाई बँकेच्या दारात येते, रांग बघते, ओळखीचा माणूस दिसतो, ती तोंड फिरवते. एवढंच. पुढचं उद्या. आणि सलग तास-दीड तास फक्त दोनच कामांना लागतो, कथेचा शेवट लिहायला आणि पूर्ण कथा एका बैठकीत वाचून काढायला. म्हणजे महिन्यातून एक-दोनदाच घरच्यांकडे मोठा वेळ मागावा लागतो, आणि महिन्यातून दोनदा मागितलेला वेळ माणसं देतात. रोज मागितला तर नै देत, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

दुसरी गोष्ट, थांबताना कुठे थांबायचं. प्रसंग पूर्ण करून थांबू नका. मधेच थांबा, पुढचं वाक्य काय येणार हे माहीत असताना थांबा, आणि ते वाक्य किंवा त्याची खूण खाली लिहून ठेवा. "आता नाना विचारतात पैसे कुठे गेले, ती खोटं बोलते." बस्स. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या तेच उचलायचं. जुन्या बाया रात्री चुलीतला निखारा राखेत झाकून ठेवायच्या ना, सकाळी नवीन काडी लागू नये म्हणून, तसं हे आहे. कोऱ्या पानासमोर बसायची वेळ स्वतःवर येऊच द्यायची नाही.

मी अपडाऊनमध्ये हेच करते. जाताना लिहिणं, येताना नुसतं वाचणं आणि उद्याची खूण टाकणं, कारण येताना डोकं दमलेलं असतं आणि दमलेल्या डोक्याने लिहिलेलं दुसऱ्या दिवशी खोडावंच लागतं. जळगाव-भुसावळ करणाऱ्यांना अर्धा-पाऊण तास मिळतो, चोपडा-यावलकडून बसने येणाऱ्यांना बसमध्ये लिहिता येत नाही पण ऐकता आणि बोलता येतं, त्यांनी पुढचा भाग वाचा.

हात कामात असताना कथा तोंडात घोळवायची

याचं उदाहरण आपल्या मातीतच आहे. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याच्या. लिहितावाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता ओव्या रचायच्या, तोंडाने म्हणायच्या. मुलाने म्हणजे सोपानदेवांनी आणि नात्यातल्या माणसांनी त्या ऐकून लिहून घेतल्या, म्हणून आज आपल्याकडे आहेत. १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. त्यांची प्रतिभा कोणाला येणार नाही ते सोडा, पण पद्धत बघा, शब्द आधी तोंडात पक्के व्हायचे आणि कागदावर नंतर यायचे, आणि काम थांबवून त्या रचायला बसत नव्हत्या.

गद्यातही हे जमतं. भाकरी टाकताना उद्याच्या तुकड्याचं पहिलं वाक्य बनवायचं, फक्त पहिलं. ते तोंडातल्या तोंडात म्हणायचं, बदलायचं, परत म्हणायचं. पाच-सहा वेळा म्हटलं की पाठ होतं. मग संवाद. दोन माणसं भांडतायत तर दोघांचं बोलणं आपणच म्हणून बघायचं, धुणं धुताना कोण ऐकतंय. जे वाक्य जिभेवर अडखळतं ते कागदावर पण अडखळणार, ते तिथेच बदलून टाका. असं करून बसलात तर वीस मिनिटांत १५० शब्द आरामात होतात कारण तुम्ही विचार करायला बसलेलाच नसता, उतरवायला बसलेले असता.

एक पथ्य पाळा, यावेळी कानात काही लावू नका. गाणी नको, रील्सचा आवाज नको. डोकं रिकामं नसलं तर त्यात कथा येणार कुठून. दिवसातलं एक तरी काम असं शांत ठेवा.

विसरायची भीती वाटते तर मोबाईलचा व्हॉइस रेकॉर्डर आहेच. दोन वाक्यं बोलून ठेवायची. पण एक लक्षात ठेवा, रेकॉर्डिंग साठत जातात आणि मग ऐकायचा कंटाळा येतो, म्हणून त्याच रात्री ऐकून उतरवायची आणि डिलीट करायची.

घरच्यांशी बोलून घ्या, आणि नेमकं बोला

"मला लिहायला वेळ हवाय" असं म्हणून उपयोग नाही, समोरच्याला त्यातून काही कळत नाही. नेमकं सांगा. "अहो, मंगळवारी आणि गुरुवारी साडेआठ ते नऊ पोरांचं तुम्ही बघा, मी आतल्या खोलीत बसते, नऊला मी बाहेर." असं. आणि नऊला खरंच बाहेर या. दोन महिने तुम्ही वेळेवर उठलात की मग कधी साडेनऊ झाले तरी कोणी बोलत नै.

पुरुष लिहित असतील तर त्यांनी जास्त सांभाळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे पुरुष लिहायला बसला की घर आपोआप शांत होतं, बायको पोरांना गप्प करते, चहा आणून देते, आणि तिचा तेवढा वेळ कोणी मोजत नै. तुम्ही अर्धा तास घेतलात तर तिलाही अर्धा तास द्या, ती त्यात झोपेल, मैत्रिणीला फोन करेल, काहीही करेल. हे केलं तर दहा वर्षं लिहिता येतं. नाही केलं तर घरात लिहिण्याबद्दल कडवटपणा येतो आणि तो कधीतरी बाहेर पडतो.

सासूबाई, आई, शेजारच्या काकू, यांना "साहित्य" वगैरे सांगायची गरज नसते. सासूबाई सुरुवातीला विचारायच्या, "काय लिखी राह्यनी व माय रोज?" मी त्यांना एक कथा वाचून दाखवली, त्यात जुन्या लग्नातलं वर्णन होतं. त्यांनी त्यात सुधारणा सांगितल्या, मांडे कशावर करतात, रुखवतात काय काय असायचं, कोण कुठे बसायचं. तेव्हापासून मी खोलीत बसले की त्याच पोरांना म्हणतात आत जाऊ नका. प्रत्येक घरात हे जमेलच असं नै म्हणत. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे कथेला लागणारा जो ऐवज असतो तो कोणत्या पुस्तकात मिळत नाही, आणि विचारलं की त्यांना बरंही वाटतं.

पोरं लहान आहेत तर, मोठी आहेत तर

बाळ एक-दोन वर्षांचं असेल तर लिहिण्याची अपेक्षा एकदम खाली आणा. त्या काळात टिपणं करा. बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने मोबाईलवर दोन ओळी टाइप होतात. त्या काळातलं आपलं डोकं, ती थकवा आलेली माया, चिडचिड, ते नंतर आठवून लिहिता येत नाही, म्हणून टिपून ठेवा. पूर्ण कथा नंतर होईल.

पोरं शाळेत जायला लागली की सोपं होतं. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एकत्र अभ्यासाचा अर्धा तास. ते गृहपाठ करतात, आपण त्याच टेबलावर वहीत लिहितो. वहीतच, मोबाईलवर नाही, कारण आई मोबाईल बघतेय आणि आपल्याला म्हणते अभ्यास कर, हे पोरांना पटत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. मध्ये मध्ये "हे गणित कसं" होणारच. म्हणून त्या वेळात नवीन लिहू नका, कालचं सुधारा, अडथळा आला तरी धागा सुटत नाही. मोठी पोरं तर टाइप करून देतात, आणि टाइप करता करता "हे असं कोण बोलतं" म्हणून चूकही काढतात.

दहावी-बारावीचं वर्ष असेल तर फेब्रुवारी-मार्च लिहिणं बाजूला ठेवा, सरळ ठरवून ठेवा. ठरवून थांबलेलं परत सुरू होतं.

खानदेशातलं वर्ष कसं वापरायचं

लेखनाच्या सल्ल्यांमध्ये ऋतूचा विषय कोणी काढत नै, पण जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा दुपारी कोणी काय लिहिणारे? पत्र्याचं घर असेल, लाइट गेलेली असेल, तर माणूस नुसता जिवंत राहिला तरी पुष्कळ. म्हणून वर्षाचा हिशोब आपल्या हवेप्रमाणे लावा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा आपला उत्तम काळ. थंडी असते, भरिताची वांगी असतात, डोकं चालतं, लग्नं असतात पण मे इतकी नाही. कच्चा खर्डा याच दिवसांत लिहायचा. मार्चमध्ये बँका-पतसंस्थांत आर्थिक वर्षाची अखेर, पोरांच्या परीक्षा, तेव्हा फक्त पन्नास शब्द. एप्रिल-मे म्हणजे ऊन, लग्नं, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतात, आणि घरोघरी वाळवणं, बिबड्या, पापड, कुरडया. ह्या दिवसांत पहाटे पाच ते सहा गच्चीवर बसता येतं, तेवढाच वेळ. मी ह्या काळात नवीन काही लिहित नाही. खर्डा झाकून ठेवते. आणि वाळवणाला चार बायका जमतात तेव्हा जे बोलणं चालतं, कोणाची सून, कोणाचा दवाखाना, कोणाचं वावर गेलं, ते ऐकते. पिठाच्या हाताने टिपता येत नाही, रात्री टिपते.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, हवा उतरते, तेव्हा झाकलेला खर्डा काढायचा. शेती असेल तर पेरणी असते, त्यांनी जुलै धरावा. आणि हे जून-जुलै दिवाळी अंकांना नेमकं जुळतं. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकाच्या अंकापासूनची आहे, काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी तो काढला होता. आजही नवीन कथालेखकाला छापून यायची ही सगळ्यात मोठी जागा. अंक दिवाळीत येतो पण साहित्य साधारण जून ते ऑगस्टमध्ये मागवतात, गणपतीत पाठवलं तर बऱ्याच ठिकाणी उशीर झालेला असतो. म्हणजे हिवाळ्यात लिहा, उन्हाळ्यात झाकून ठेवा, पावसाळा लागला की सुधारून पाठवा. श्रावणात कानबाईचे रोट, मग गणपती, नवरात्र, दिवाळी, कपाशी वेचणी, हा सगळा काळ वाचायचा आणि पुढच्या कथेची टिपणं जमवायचा.

साधनं

फार लागत नाही. एक शंभर पानी वही, दोन पेन, मोबाईल. कथा वहीत लिहायची की मोबाईलवर हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण दोन्हीकडे अर्धी अर्धी नको, मग कुठलं नवीन कुठलं जुनं कळत नाही.

मोबाईलवर लिहिणार असाल तर गूगल डॉक्स बरं, ऑफलाइनचं सेटिंग चालू करून ठेवा म्हणजे रेंज नसलेल्या पट्ट्यात अडत नाही. गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी बोलून टाइप करता येतं. शांत जागी चांगलं चालतं, गाडीत नाही. त्यात विरामचिन्हं नीट येत नाहीत, ती नंतर घालावी लागतात. आणि अहिराणी त्याला कळत नाही, "मन्ही माय तठे शे" म्हटलं तर काहीतरी भलतंच उमटतं. म्हणून बोलीतले संवाद हातानेच टाइप करा.

बोलीवरून आठवलं. आपल्या कथेत बोली येणारच आणि यावीच. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ही सोपी वाट आहे. पण कोणती बोली ते ठरवा. धुळे-अमळनेरकडची अहिराणी वेगळी, यावल-रावेरकडची लेवा बोली वेगळी, एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही आल्या तर इकडचा वाचक लगेच ओळखतो. एका पानावर शब्द आणि त्यांचं लेखन ठरवून ठेवा, राह्यना लिहायचं की राहिना, आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. तुकड्या-तुकड्यात लिहिणाऱ्याला हे पान फार उपयोगी पडतं कारण महिनाभरापूर्वी काय लिहिलं होतं ते आठवत नाही.

दर शनिवारी जे झालं ते स्वतःलाच ईमेल करा. वहीत असेल तर पानांचे फोटो काढून पाठवा. मोबाईल पाण्यात पडतो, वहीवर पोरं चित्रं काढतात.

घरात बसायला जागाच नसेल तर वाचनालय बघा. जळगावचं व. वा. वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय, तालुक्याच्या गावी पण बहुतेक ठिकाणी काही ना काही आहे. महिन्यातला जो एक मोठा तास सांगितला तो तिथे काढता येतो.

नोकरीचं आणि गावाचं भान

सरकारी नोकरी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ एकदा वाचून घ्या, झेडपीची असेल तर तिचे वर्तणूक नियम वेगळे आहेत, ते बघा. निव्वळ साहित्यिक लेखनाला सरकारी नियमांत मोकळीक आहे, पण मानधन, आणि शासनाच्या धोरणावर टीका, याबद्दल आपल्या ऑफिसच्या आस्थापना विभागात आधी विचारलेलं बरं. खाजगी नोकरीत असाल तर नेमणूकपत्र बघा. ऑफिसच्या वेळेत आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कथा लिहू नका, जेवणाच्या सुट्टीत आपल्या वहीत लिहा.

आणि माणसं. आपली गावं छोटी, कथा वाचून लोक लगेच म्हणतात, हा तर अमक्याचा पोरगा. ओळखीच्या माणसावरून लिहायला हरकत नाही पण तीन गोष्टी बदलाच, धंदा, नात्यांची रचना आणि ज्या प्रसंगामुळे ती व्यक्ती गावात माहीत आहे तो प्रसंग. नाव बदलून भागत नै. ऑफिसात काम घेऊन येणाऱ्या माणसांच्या खात्याची, कर्जाची, आजारपणाची माहिती आपल्याला नोकरीमुळे कळते, ती जशीच्या तशी कथेत घालणं मला मान्य नाही. माणूस विश्वासाने समोर बसलेला असतो. त्याची घालमेल घ्या, त्याचा तपशील सोडा.

सुधारणं

कच्चा खर्डा झाला की निदान तीन आठवडे झाकून ठेवा. मग मोठ्याने वाचा. जिथे आपलाच आवाज घाईत येतो तिथे मजकूर जास्त झालाय. तुकड्यांत लिहिलेल्या कथेत ठरलेल्या चुका असतात: एकच गोष्ट दोनदा सांगितलेली, कारण दहा दिवसांपूर्वी सांगितल्याचं विसरलो, दुपारच्या प्रसंगात मध्येच दिवा लागलेला, आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात हवापाण्याने. या तीन गोष्टी मुद्दाम शोधा. माझ्या कच्च्या खर्ड्यातून सुधारताना चांगला पाव भाग जातो, आणि कथा सुधारते.

वाचायला एक माणूस हवा, एकच, पण खरं बोलणारा. "छान आहे" म्हणणारे दहा असून उपयोग नाही. त्याला विचारा, कुठे कंटाळा आला आणि कुठे कळलं नाही, एवढंच.

पाठवणं

टाइप युनिकोडमध्ये करा, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर येतं तेच. काही छापखाने अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, काम करतात पण युनिकोड मजकूर त्यांना बदलून घेता येतो. वर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या आणि कथा अप्रकाशित असल्याचं एक वाक्य. सोबत लांब पत्र नको. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी. वहीच्या शेवटच्या पानावर कोणती कथा कुठे कधी पाठवली ते लिहा. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे विचारा, मग दुसरीकडे पाठवा. मानधन काही अंक देतात, काही फक्त अंक पाठवतात, काही तेही विसरतात. छापायला तुमच्याकडेच पैसे मागणाऱ्यांना मी कथा देत नाही, तुम्हीही देऊ नका.

नकार आला, किंवा काहीच आलं नाही, तर कथा परत एकदा वाचा आणि फक्त एका दिवसात होतील तेवढ्याच सुधारणा करून पुढे पाठवा. तीच कथा वर्षभर दुरुस्त करत बसलं की नवीन लिहायचे तुकडे त्यात जातात.

मध्येच सगळं बंद पडलं तर

पडतंच. सासऱ्यांचं आजारपण, बदली, पोराचा ताप, पीक गेलं, दोन-तीन महिने वहीला हात लागत नाही. परत सुरू करताना मोठा संकल्प करू नका. पहिल्या दिवशी नुसतं वाचा, पेन न घेता. दुसऱ्या दिवशी कथेत आतापर्यंत काय झालं ते एका पानात कोणाला सांगतोय तसं लिहा. तिसऱ्या दिवशी पुढच्या तुकड्याची खूण टाका. चौथ्या दिवशी पन्नास शब्द. पुढचा आठवडा पन्नासवरच राहा, हात बसला की १५० वर या. आणि वाचताना असं वाटलं की ही कथा आता माझी राहिली नाही, मधल्या दिवसांत मीच बदलले, तर जबरदस्ती करू नका, तिच्यातली पात्रं आणि चांगले संवाद टिपणांच्या वहीत उतरवून घ्या आणि ज्या गोष्टीने हे दोन-तीन महिने खाल्ले, दवाखान्याचा कॉरिडॉर, रिकामं वावर, नव्या गावातलं भाड्याचं घर, तिथून नवीन कथेचं पहिलं वाक्य उद्या भाकरी टाकताना तोंडात घोळवायला घ्या.